पाठीच्या कण्याला बाक असताना व्हायरल ताप आला तर : घरी काय करायचं, दवाखाना कधी गाठायचा

पावसाळा सुरू झाला की स्कोलिओसिस म्हणजे पाठीच्या कण्याला बाक असलेल्या मुलांच्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. ताप आलाय, ब्रेस (बाक वाढू नये म्हणून धडावर घालायचा प्लास्टिकचा साचा) काढू का? एवढ्या खोकल्याने कणा आणखी वाकेल का? शस्त्रक्रियेत पाठीत बसवलेले धातूचे रॉड आहेत, त्यांना विषाणू धरेल का? उत्तरं आधीच देऊन टाकते. ताप असेपर्यंत ब्रेस काढून ठेवला तरी चालतो. खोकल्याने बाक वाढत नाही. आणि सर्दी-तापाचे विषाणू रॉडवर जाऊन बसत नाहीत.

खरी काळजी दुसरीकडेच आहे. विषाणू तुमच्या कण्याचा कोन किती आहे ते बघत नाही. आजारपणात प्रश्न असतो तो दोनच गोष्टींचा: छातीत किती हवा मावते आणि आतला कफ बाहेर टाकण्याइतका जोर खोकल्यात आहे का. या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर तुमचा व्हायरल ताप शेजाऱ्याच्या व्हायरल तापासारखाच. यातली एक जरी कमी असेल तर साधं पडसंही दोन दिवसांत छातीवर येऊ शकतं.

आमच्या घरात ही दोन्ही टोकं आहेत. मुलीच्या पाठीला ३२ अंशांचा बाक, ती ब्रेस वापरते. मामाला लहानपणी पोलिओ झाला, पाठीला मोठा बाक आणि एका बाजूची छाती दबलेली. एका पावसाळ्यात दोघांना एकदमच ताप आला. मुलीचा ताप १०२ वर गेला, ती कण्हत पडून राहिली आणि आठवडा संपायच्या आत शाळेत गेली. मामाच्या तापमापकावर जेमतेम ९९.५ होतं, पण नेहमी एका दमात सगळी भावकी सांगणारा हा माणूस चार-चार शब्दांवर थांबत होता. दवाखान्यात न्यावं लागलं ते त्याला. ताप किती, यापेक्षा वाक्य किती लांब होतंय हे बघायला मी तेव्हापासून शिकले.

आधी ठरवा, तुम्ही कुठल्या गटात आहात

एक्स-रेवर कॉब अँगल, म्हणजे बाकाचा कोन, १० अंश किंवा जास्त आला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. किशोरवयातल्या शंभर मुलांमागे दोन-तीन मुलांना तो असतो. बहुतेकांचा बाक सौम्य असतो आणि कारण सापडत नाही. डॉक्टर त्याला इडिओपॅथिक म्हणतात. बाक कमरेत असेल, किंवा छातीच्या भागात असला तरी ४०-५० अंशांच्या आत असेल आणि स्नायू धडधाकट असतील, तर तुम्ही पहिल्या गटात. या गटाने ताप, पाणी, विश्रांती आणि डेंग्यूची शंका एवढंच बघायचं. 'पाठीचा आजार आहे म्हणून प्रतिकारशक्ती कमी' हा समज चुकीचा आहे.

दुसरा गट छातीतल्या मोठ्या बाकाचा. कणा नुसता बाजूला झुकत नाही, तो स्वतःभोवती वळतो आणि फासळ्यांनाही वळवतो. छातीचा पिंजरा ताठर होतो, एका बाजूच्या फुफ्फुसाला जागा कमी पडते आणि श्वास उथळ होतो. साधारण ७० अंशांपुढे ही अडचण जाणवू लागते, १०० अंशांपुढे ती गंभीर होऊ शकते. अमेरिकेत आयोवा इथे शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांचा पन्नास वर्षं पाठपुरावा झाला आणि २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यातही दम लागण्याची तक्रार ८० अंशांपुढच्या छातीच्या बाकाशी जोडलेली दिसली. बाक अगदी लहानपणी, फुफ्फुसं वाढण्याच्या वयात सुरू झाला असेल तर कोन कमी असूनही क्षमता कमी असू शकते. ४० ते ७० अंशांमधल्यांनी अंदाज बांधत बसू नये, एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजायची तपासणी, करून घ्यावी.

तिसऱ्या गटाने सगळ्यात जास्त सावध राहायचं. बाक स्नायूंच्या किंवा मज्जासंस्थेच्या आजारामुळे आलेला: ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी म्हणजे एसएमए, सेरेब्रल पाल्सी, पोलिओ. इथे छाती वाकडी आहेच, शिवाय ती हलवणारे स्नायूही दुबळे आहेत. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळे नव्या डॉक्टरांनी पोलिओची पाठ क्वचितच पाहिलेली असते. पण पोलिओ झालेली माणसं आपल्या गावागावांत आहेत, त्यातले अनेक जण आता पन्नाशी-साठीत आहेत आणि वयाबरोबर त्यांचा श्वासाचा जोर आणखी कमी होतोय. घरात असं कोणी असेल तर पुढचं त्यांच्यासाठी वाचा.

पायरी १ : बरं असताना स्वतःचे आकडे लिहून ठेवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि नेमकी हीच राहून जाते. आजारपणात ऑक्सिजन ९४ दिसला, तर हे घसरलंय की तुमचं नेहमीचंच आहे, हे आधी मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

पल्स ऑक्सिमीटरने सुरुवात करा. पाच मिनिटं शांत बसा, हात कोमट करा, नेलपॉलिश पुसा, ताजी मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. आकडा लगेच वाचू नका. निदान अर्धा-एक मिनिट तो एका जागी थांबू द्या, मग लिहा. एकदा जागेपणी आणि एकदा पहाटे उठल्या उठल्या.

मग श्वास मोजा. माणूस शांत असताना, त्याला न सांगता, पोट किंवा छाती किती वेळा वर येते ते पूर्ण ६० सेकंद मोजायचं. सांगून मोजलं की श्वास बदलतो. मोठ्या माणसाचा साधारण १२ ते २० असतो. ताठर छातीच्या माणसाचा बरं असतानाही २२-२४ असू शकतो, म्हणून तर स्वतःचा आकडा हवा.

तिसरी चाचणी फुकट आहे. सरळ बसून छाती भरून श्वास घ्या आणि तेवढ्याच श्वासात नेहमीच्या गतीने 'एक, दोन, तीन' मोजत जा. कुठल्या आकड्यावर दम संपला ते लिहा. तीनदा करून सर्वांत मोठा आकडा धरा. दुसऱ्यांशी तुलना करायची नाही, तुमचा आकडा तुमच्याशीच ताडायचा. तापात हा आकडा ठळक उतरला आणि आणखी उतरत राहिला, तर तो ऑक्सिमीटरच्या आधीच सावध करतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाने छातीच्या डॉक्टरांकडे वर्षातून एकदा स्पायरोमेट्री आणि खोकल्याचा जोर, म्हणजे पीक कफ फ्लो, मोजून घ्यावा. हा जोर मिनिटाला २७० लिटरच्या खाली असेल तर सर्दीतही कफ अडकण्याचा धोका असतो. १६० च्या खाली खोकला जवळपास निकामी समजतात. स्पायरोमेट्रीच्या वेळी तंत्रज्ञ उंची विचारतो. तिथे आठवणीने सांगा की पाठीला बाक आहे, दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजा आणि तेच उंचीच्या जागी भरा. बाकामुळे उंची कमी भरते, यंत्र माणसाला बुटका समजतं आणि फुफ्फुसं आहेत त्यापेक्षा चांगली दाखवतं.

हे सगळं एका कागदावर, फाइलमध्ये सर्वांत वर. सोबत छातीचा जुना एक्स-रे. तो कशाला, ते पुढे सांगते.

पायरी २ : ताप आला त्या दिवशी

ताप आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल. मोठ्यांना ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. मुलांना वजनाप्रमाणे, एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, चोवीस तासांत जास्तीत जास्त चार डोस. वय बघून नव्हे, वजन करून डोस द्या. बाक असलेली, स्नायू दुबळे असलेली मुलं वयाच्या मानाने हलकी असतात. ड्यूशेन किंवा एसएमए असलेल्या, खाणं सुटलेल्या मुलाला पॅरासिटामॉलसुद्धा सलग देण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण कमी स्नायू आणि उपाशी पोट असताना यकृतावर ताण येऊ शकतो.

पाठदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घरात असतंच. तापात ते कपाटातच राहू द्या. जून ते नोव्हेंबर आपल्याकडे डेंग्यूचे दिवस आणि पहिल्या दिवशी डेंग्यू आणि फ्लू यांत फरक करता येत नाही. डेंग्यूत प्लेटलेट उतरलेल्या असताना या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अ‍ॅस्पिरिन तर मुलांना व्हायरल तापात द्यायचंच नाही.

डेंग्यूबद्दल आणखी एक गोष्ट. तीव्र पाठदुखी हे त्याचं नेहमीचं लक्षण आहे आणि चिकुनगुन्यात तर सांधे धरून ठेवतात. ज्याची पाठ एरवीही दुखते त्याच्या बाबतीत घरचे म्हणतात, 'पाठीचंच आहे.' ताप आणि पाठदुखी एकाच दिवशी सुरू झाली असेल तर रक्त तपासा. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, धोका जास्त असतो. पोटात जोरात दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, विलक्षण मरगळ यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय.

पाणी, पेज, सूप, ओआरएस थोडं थोडं आणि वारंवार. ताप एक अंश सेल्सिअस चढला की शरीराची ऑक्सिजनची गरज साधारण दहा टक्क्यांनी वाढते. धडधाकट छातीला ते कळतही नाही, ताठर छातीला कळतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या गटात ताप लवकर उतरवणं हे नुसतं आरामासाठी नसतं. एसएमए असलेल्या मुलाला ताप-उलटीत लांब उपास घडू देऊ नका. काही पोटात राहत नसेल तर सलाइनसाठी त्याच दिवशी न्या.

ड्यूशेनची बरीच मुलं प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट ही स्टेरॉइडं रोज घेतात. आजारपणात ते एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. उलटीत गोळी पडली, दुसरीही पडली, तर फोनवर सल्ला घेत वेळ न घालवता इमर्जन्सीत जा आणि 'हा मुलगा रोज स्टेरॉइड घेतो' हे पहिलं वाक्य बोला.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. फ्लूवरचं ऑसेल्टामिव्हिर मात्र लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या गटाने 'तीन दिवस वाट बघू' हे करायचं नाही.

पायरी ३ : ब्रेस

अंगात ताप, उलट्या, दम किंवा छातीत घरघर असेल तर ब्रेस काढा. ब्रेस घातलेला असताना फुफ्फुसं नेहमीपेक्षा कमीच फुलतात, खोकायला पोट फुगवावं लागतं तेही होत नाही आणि घामाने कातडी सोलवटते.

'मग बाक वाढेल' ही भीती मी मुलीच्या बाबतीत पुरेपूर जगले आहे, म्हणून आकडा देते. अमेरिका आणि कॅनडातल्या २५ केंद्रांवर झालेला ब्रेसचा मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सरासरी १२.९ तासांपेक्षा जास्त वेळ ब्रेस वापरलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलांचा बाक शस्त्रक्रियेची वेळ येण्याइतका वाढला नाही. सरासरी महिनोन्महिन्यांची असते. तापातले तीन-चार दिवस त्यात बुडून जातात. खरं नुकसान होतं ते ताप गेल्यावर 'अजून जरा अशक्त आहे' म्हणत ब्रेस पंधरा-वीस दिवस कपाटावर राहतो तेव्हा.

परत सुरुवात अशी करा. औषधाशिवाय २४ तास ताप नाही, जेवण जातंय, चालताना दम लागत नाही, की ब्रेस घाला. पहिल्या दिवशी निम्मे तास, दोन-तीन दिवसांत पूर्ण वेळ. काढल्यावर कातडीवरचा लालसरपणा अर्ध्या तासात गेला पाहिजे. आजारपणात वजन उतरलं असेल तर ब्रेस सैल होतो आणि भलत्या ठिकाणी घासतो, ऑर्थोटिस्टला, म्हणजे ब्रेस बनवणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. ब्रेस सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा, उन्हात प्लास्टिकचा आकार बिघडतो. आत शिवण नसलेला सुती बनियन, घाम आला की बदलायचा. आत पावडर-क्रीम काही नको.

कांजिण्यांत नियम वेगळा आहे. फोडांवर ब्रेस चढवायचा नाही, सगळ्या फोडांच्या खपल्या कोरड्या होईपर्यंत थांबायचं, मग त्याला दहा-बारा दिवस लागले तरी. फुटलेल्या फोडावर ब्रेस घासला तर जखमेत जंतुसंसर्ग होतो आणि मग ब्रेस आणखी लांबतो.

पाठीवर किंवा बरगडीवर एकाच बाजूला, पट्ट्यासारख्या भागात आग होत असेल तर ब्रेस टोचतोय असं वाटतं. दोन-तीन दिवसांत तिथे पाण्याचे बारीक फोड आले तर ती नागीण आहे. तीवरची विषाणूविरोधी गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू करायची असते.

पायरी ४ : झोपणं आणि बसणं

फार लिहिण्यासारखं नाही. उताणं सपाट झोपून दम लागत असेल तर डोक्याकडची बाजू उंच करा, गुडघ्यांखाली उशी द्या. बसून टेबलावर उशी, उशीवर हात आणि कपाळ टेकवलं की श्वासाचा त्रास बराच कमी होतो. कुठल्या कुशीवर बरं वाटतं ते माणसागणिक वेगळं, रुग्णालाच ठरवू द्या. रॉड असलेल्यांनी कूस बदलताना खांदा आणि कंबर एकाच वेळी फिरवायची. दिवसा दर दोन तासांनी बसणं आणि घरातल्या घरात चार पावलं, एवढं होत असेल तर कराच. पडून राहिल्याने कफ खाली साचतो आणि पाठही आखडते.

पायरी ५ : कफ बाहेर काढणं

पहिल्या गटाला याची गरज सहसा पडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गटाचं मात्र अर्धं आजारपण इथेच ठरतं.

वेळ जेवणाआधीची, किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी. आधी कोमट पाणी. पाय जमिनीला टेकवून, किंचित पुढे झुकून बसायचं, उशी पोटाशी धरायची. तीन-चार श्वास अगदी शांत, पोटातून. मग एक मोठा श्वास, दबलेल्या बाजूच्या फासळ्यांवर हात ठेवून तो हात बाहेर ढकलला जाईल असा. दोन-तीन सेकंद थांबा. नंतर तोंड उघडं ठेवून, घसा न आवळता, 'हाः' असा जोराचा उच्छ्वास. काचेवर वाफ धरावी तसा. असं दोनदा. पुन्हा शांत श्वास. कफ वर सरकल्याचा आवाज आला की मगच एक खराखुरा खोकला. उगाच खोकत राहिल्याने माणूस थकतो आणि कफ जागचा हलत नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरे, दिवसातून तीन-चार वेळा.

खोकल्याला जोरच नसेल तर दुसऱ्याने मदत करायची. रुग्ण मोठा श्वास घेतो, खोकायच्या क्षणी मदतनीस बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागावर तळहाताने आत आणि वर दाब देतो. ठेका जमणं महत्त्वाचं, ताकद नव्हे. हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोरासमोर शिकून घ्या आणि बरं असतानाच सराव करा. भरल्या पोटी, हाडं ठिसूळ असताना, किंवा पाठीची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असताना सर्जनला विचारल्याशिवाय करू नका. अंबू बॅगने (हाताने दाबून हवा भरायच्या पिशवीने) श्वासावर श्वास भरणं आणि खोकायला मदत करणारं कफ असिस्ट मशीन हे पुढचे उपाय आहेत. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी सर्दीच्या पहिल्याच दिवशी वापर वाढवायचा.

वाफेने नाक मोकळं होतं, छातीतला कफ त्याने पातळ होतो असं नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर घेऊन मुलं भाजल्याचे प्रकार दर हिवाळ्यात होतात. घ्यायचीच तर पातेलं टेबलावर, मोठ्या माणसाच्या हाताखाली.

आणि खोकला दाबणारं, गुंगी आणणारं सिरप या दोन गटांनी घ्यायचं नाही. खोकला हाच तुमचा बचाव आहे. झोपेच्या गोळीचंही तेच.

पायरी ६ : कधी हलायचं

त्याच दिवशी डॉक्टर: ताप तीन दिवसांपुढे गेला, किंवा एकदा उतरून पुन्हा चढला, कफ पिवळा-हिरवा आणि दाट होत चालला, श्वास नेहमीपेक्षा स्पष्ट वेगाने चाललाय, विश्रांतीत ऑक्सिजन ९४ च्या खाली, किंवा तुमच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा तीनने कमी, एका श्वासात मोजायचा आकडा उतरत चाललाय. तिसऱ्या गटात ९५ च्या खाली गेला तरी आधी कफ काढा. तरी वर येत नसेल तर निघा.

लगेच १०८: बोलताना वाक्य तुटतंय, मानेचे आणि बरगड्यांमधले स्नायू श्वासाला ओढले जातायत, ओठ निळसर, मोठ्या माणसाचे मिनिटाला ३० किंवा त्यापेक्षा जास्त श्वास, ऑक्सिजन ९० च्या खाली, किंवा माणूस बरळतोय, सारखा पेंगतोय.

पेंगण्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण घरात ते चुकीचं वाचलं जातं. श्वास उथळ पडला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी उठल्यावर डोकं जड, दिवसा गुंगी, हातांना थरथर, स्वभावात चिडचिड. बघणारे म्हणतात, 'रात्रभर खोकत होता, आता छान झोपलाय.' ऑक्सिमीटर हा वायू दाखवत नाही. ताठर छातीचा किंवा दुबळ्या स्नायूंचा माणूस आजारपणात उठवूनही नीट जागा होत नसेल तर ती झोप समजू नका.

मार्फान सिंड्रोम या जन्मजात आजारामुळे बाक असलेल्यांना खोकताना एका बाजूला अचानक कळ येऊन दम लागला तर फुफ्फुसातून हवा बाहेर गळालेली असू शकते. तिथेही थांबायचं नाही.

आणखी एक गोष्ट फुफ्फुसाबाहेरची. ताप येऊन गेल्यावर एक ते चार आठवड्यांत पायांत मुंग्या, मग जिना चढताना पाय लटपटणं, अशक्तपणा वर सरकत जाणं, हे गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे नसांचा आजार, असू शकतं. पाठीचा जुना रुग्ण असला की सगळे मणक्याकडे बोट दाखवतात आणि दिवस जातात. लघवी अडणं, जांघेभोवती बधिरपणा, पायातली ताकद जाणं, कारण काहीही असो, त्याच दिवशी इमर्जन्सी.

पायरी ७ : रुग्णालयात काय सांगायचं

मामाला नेलं तेव्हा कॅज्युअल्टीत ऑक्सिजनचा मास्क पूर्ण प्रवाहावर लावला गेला. आकडा ९९ झाला, सगळ्यांना हायसं वाटलं आणि अर्ध्या-पाऊण तासात मामा हाकेला ओ देईना. एका वरिष्ठ सिस्टरच्या ते लक्षात आलं, रक्तातले वायू तपासले गेले, कार्बन डायऑक्साइड चढलेला निघाला आणि बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला आधार देणारं यंत्र, लावल्यावर तो शुद्धीवर आला. कॅज्युअल्टीत धावपळ असते, पोलिओच्या पाठीचा माणूस रोज येत नाही. म्हणूनच आपण बोलायचं असतं.

दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्या माणसाबरोबर जाणाऱ्याने एवढं सांगावं: 'यांच्या छातीला मोठा बाक आहे, कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका आहे. ब्लड गॅस करून बघाल का?' अशा रुग्णात रक्तातले वायू कळेपर्यंत ऑक्सिजन सहसा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. त्यांना बऱ्याचदा नुसत्या ऑक्सिजनपेक्षा श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राची गरज असते. घरी बायपॅप असेल तर ते मशीन आणि मास्क बरोबरच न्या. गुंगीचं इंजेक्शन देताना विचारून द्या, अशीही विनंती करा.

आता जुना एक्स-रे. वळलेल्या छातीचा एक्स-रे वाचणं अवघड असतं. हृदयाची सावली सरकलेली, एक फुफ्फुस झाकलेलं. न्यूमोनिया लपतो, किंवा नसलेला दिसतो. शेजारी जुनी फिल्म धरली की फरक चटकन कळतो.

रॉड असतील तर कुठल्या मणक्यापासून कुठल्या मणक्यापर्यंत जोडलंय ते कागद दाखवा. मेंदूज्वराच्या शंकेने पाठीतून पाणी काढायचं ठरलं तर जोडलेल्या भागात सुई घालणं अवघड असतं. बाकामुळे किंवा जोडणीमुळे मान नीट वळत नसेल तर तेही भूलतज्ज्ञाला आधीच कळलं पाहिजे.

रॉड बसवलेल्यांसाठी

फ्लू, डेंग्यू, कोविड यांचा रॉडशी संबंध येत नाही. रॉडभोवती संसर्ग होतो तो जिवाणूंचा. तापाबरोबर टाक्याची जागा लाल, गरम, सुजलेली दिसली, पाणी येऊ लागलं, किंवा व्हायरल ताप गेल्यावरही पाठीतली खोल दुखणी दिवसेंदिवस वाढतच राहिली तर सर्जनला दाखवा, मग शस्त्रक्रियेला काही वर्षं झालेली असली तरी. कुणी आपल्या मनाने अँटिबायोटिक सुरू करण्याआधी दाखवलेलं बरं, नाहीतर तपासणीत जंतू सापडत नाही.

शस्त्रक्रिया व्हायची असेल आणि तारखेच्या आधी ताप-खोकला आला तर लपवू नका. सुट्टी टाकलेली असते, पैसे भरलेले असतात, रक्तदाते ठरलेले असतात, हे सगळं मला ठाऊक आहे. पण श्वासनलिकांत आजाराची सूज शिल्लक असताना तासन्‌तास पालथं झोपवून भूल देणं धोक्याचं असतं. भूलतज्ज्ञ बहुधा दोन ते सहा आठवडे पुढची तारीख देतात. बाक एवढ्यात फार पुढे जात नाही.

बरं झाल्यावर

पाठीचे व्यायाम ताप गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जोरात सुरू करू नका. आधी श्वासाचे व्यायाम आणि चालणं, मग चार-पाच दिवसांनी हलके व्यायाम, आठवड्या-दोन आठवड्यांत नेहमीचा क्रम. पोहणं खोकला पूर्ण गेल्यावर. डेंग्यू-चिकुनगुन्यानंतर थकवा आणि सांधेदुखी आठवडे रेंगाळते, तिथे मुलाला आळशी म्हणू नका. पायरी १ मधले आकडे दोन आठवड्यांनी पुन्हा घ्या. जागेवर आले नसतील तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा. बाक मोजायचा एक्स-रे मात्र ठरलेल्या तारखेलाच काढा, तापासाठी आधी काढायची गरज नाही.

लसींचं थोडक्यात. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून ती मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या गटाने न्यूमोकोकल या न्यूमोनियाच्या जिवाणूविरुद्धची लस डॉक्टरांशी बोलून घ्यावी. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, खासगी दवाखान्यात मिळते. ब्रेस लागणार असलेल्या, कांजिण्या न झालेल्या मुलाला ती आधीच देण्याचा विचार करा. ती जिवंत लस आहे, त्यामुळे रोज स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल तर कुठलीही लस सर्जनला सांगून, थोडं अंतर ठेवून घ्या, म्हणजे लसीनंतरच्या किरकोळ तापाने तारीख हुकत नाही. फ्लूची लस रुग्णाबरोबर घरातल्या सगळ्यांनीच घ्यावी, कारण मामासारख्या माणसापर्यंत विषाणू बहुतेक वेळा शाळेतून आलेल्या नातवंडाकडूनच पोचतो.